दाराच्या आतलं दार

पँथर हे नाव आपण कुठून उचललं, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी ब्लॅक पँथर काढली. १९७२ साली मुंबईत आपल्या लिहित्या पोरांनी ते नाव घेतलं. पण हे दोघं एकमेकांना भेटले कुठं, हे कुणी विचारत नाही. ते भेटले मेरिट कॉलेजात. ओकलंडचं साधं, स्वस्त, सरकारी कॉलेज. अशा कॉलेजांना तिकडं कम्युनिटी कॉलेज म्हणतात. कष्टकऱ्याची पोरं कामावरून सुटून तिथं बसतात. दोन वर्षं तिथं काढायची आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं, असा रस्ता कागदावर आखलेला आहे.

त्या रस्त्यात एक खड्डा आहे. त्याचं नाव गणित. लाखो काळी, स्पॅनिश बोलणारी, गरीब पोरं त्यात गडप झाली. बंदुका, काळी जाकिटं, उगारलेल्या मुठी यांच्यावर आपण पुष्कळ लिहिलं. या खड्ड्यावर आपल्यात कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. मी लिहितो, कारण मी असल्याच खड्ड्यात पडून आलोय.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बारावी सायन्स कशीबशी काढली, बी.एस्सी.ला बसलो. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी इंटिग्रेशन काढलं. मला कळेना. हात वर केला. सर म्हणाले, "हे बारावीला झालंय. तुम्ही लोक आर्ट्सला का जात नाही?" वर्ग हसला. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी. दुसऱ्याला परत केटी. मग वायडी. बापानं एका शब्दानं विचारलं नाही, तेच जास्त लागलं. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर लागलो.

आता गंमत बघा. गिरणीत सुताचा काऊंट काढतात. ८४० वारांची एक लड. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतात तितका काऊंट. चाळीस लडी बसल्या तर चाळीस काऊंट, साठ बसल्या तर साठ. आकडा चढला की सूत बारीक. तपासायला १२० वार सूत गुंडाळतात, ग्रेनमध्ये वजन करतात आणि हजाराला त्या वजनानं भागतात. २५ ग्रेन भरलं तर ४० काऊंट. मी विचारलं, हजारच का? जॉबर म्हणाला, पहिल्यापासून तसंच आहे. एका तिसऱ्या पाळीत सिगारेटच्या पाकिटावर मीच काढलं. पौंडात ७००० ग्रेन. ८४० ला १२० नं भागलं की ७. सात हजार भागिले सात. हजार! त्या रात्री मला कुणी मिठी मारली असती तर बरं झालं असतं. भोवती नुसते साचे धडधडत होते.

ज्याला गणित येत नाही म्हणून हाकललं, तो हे करतो. मग येत नव्हतं ते नेमकं काय? या प्रश्नाचा माग काढत मी डिक्शनरी उशाला घेऊन वाचत गेलो, आणि पोचलो न्यूयॉर्कला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथून उत्तरेला चालत गेलं की हार्लेम वस्तीच्या कडेला सिटी कॉलेज लागतं. १८४७ साली स्थापन झालं, शहराच्या पैशावर, बिनफीचं. गरिबांचं हार्वर्ड असा लौकिक. ज्यू निर्वासितांची पोरं तिथं शिकून मोठी झाली. पण हार्लेमच्या दारात उभं असलेलं हे कॉलेज हार्लेमच्या पोरांना आत घेत नव्हतं. जात बघून नव्हे, शाळेचे मार्क बघून. शाळा कुणाच्या कशा होत्या, हे बघायचं मात्र नाही. मेरिट म्हणतात ते हेच.

एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा दक्षिणेकडचा भाग ताब्यात घेतला. दरवाजे लावून आत बसले. मागण्या पाच. त्यांतली मोठी ही, की शहराच्या शाळांत आमची पोरं जितक्या प्रमाणात आहेत तितक्या प्रमाणात ती कॉलेजात दिसली पाहिजेत. खुला प्रवेश द्यायचा विचार विद्यापीठाचा होता, पण १९७५ साठी. दरवाजे लागल्यावर तो १९७० वर आला. सप्टेंबर १९७० पासून शहरातल्या शाळेतून पास झालेल्या कुणालाही सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा. एका वर्षात नव्या पोरांची संख्या सुमारे २० हजारांवरून ३५ हजारांवर गेली. असा विजय दुनियेत थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

इथं आपण टाळ्या वाजवून पुस्तक मिटतो. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

पोरं आत आली. आत आल्यावर परीक्षा. परीक्षेत कमी पडला की रिमेडियल, म्हणजे खालचा वर्ग. गणिताचे असे खालचे वर्ग पुढं सगळ्या अमेरिकेत झाले. अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक बीजगणित, आणि मग कुठं कॉलेजचं पहिलं खरं गणित. एकेक वर्ग एकेका सेमिस्टरचा. वेळ जातो, बहुतेक ठिकाणी पैसा जातो, पण पदवीच्या हिशोबात एक गुण जमा होत नाही. त्यातच न्यूयॉर्क शहराचं दिवाळं वाजायची पाळी आली आणि १९७६ साली फी लागली. १२९ वर्षं गोऱ्यांच्या पोरांना फुकट शिकवलेल्या कॉलेजला काळी पोरं आल्यावर सहा वर्षांत फी. हा योगायोग असेल तर बामणाचं शिवाशिव पाळणंही आरोग्यासाठीच असेल.

ही शिडी बांधणारे सगळेच दुष्ट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. कित्येक शिक्षकांनी जीव ओतून ते वर्ग घेतले. पाया कच्चा आहे तर पाया भरून घेऊ, यात चूक काय? मलाही आधी असंच वाटलं होतं.

मग हिशोब करून बघितला. आकडे माझे, नुसते समजण्यापुरते. शंभर पोरं सर्वांत खालच्या वर्गात बसली. सत्तर पास. सत्तरांतली ऐंशी टक्के पुढच्या सेमिस्टरला परत नाव घालतात, म्हणजे ५६. बाकीच्यांची आई आजारी, पाळी बदलली, पैसे संपले. ५६ मधले सत्तर टक्के पास, ३९. पुढं नाव घालतात ३१. पास २२. पुढं नाव घालतात १७-१८. पास १२. हे कॉलेजचं पहिलं गणित झालं. कुठल्याच वर्गात निकाल वाईट नाही. सत्तर टक्के लागला म्हणून प्रत्येक मास्तर खूश. आणि शंभरातली ८८ पोरं गायब.

गिरणीत कापूस ब्लो रूमला शिरतो, मग कार्डिंग, ड्रॉइंग, सिंप्लेक्स, रिंग फ्रेम. प्रत्येक खात्यात थोडं वेस्टेज पडतं. संध्याकाळी ते तोललं जातं आणि जास्त भरलं तर मॅनेजर त्या खात्यावर येऊन बोंबलतो. कॉलेजात वेस्टेज तोलत नाहीत. कापूसच हलका होता म्हणतात.

तोललं ते फार उशिरा. २०१० साली कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजातल्या संशोधकांनी ५७ कम्युनिटी कॉलेजांतल्या अडीच लाखांवर विद्यार्थ्यांचा माग काढला. गणिताच्या शिडीवर पाठवलेल्यांतले तिघांतले दोघं शिडी पुरी करत नव्हते. तीन किंवा जास्त पायऱ्या खाली टाकलेल्यांत शंभरातले वीसही वर येत नव्हते. त्याहून मोठी गोष्ट पुढंच आहे. नापास होऊन गळलेल्यांपेक्षा, पुढच्या वर्गात नावच न घालता गळलेले जास्त होते. कितीतरी तर पहिल्याही वर्गात बसले नाहीत. मी आणि माझ्यासारखे. आपण नापास झालो असं आपण गावाला सांगतो. आपल्यातले पुष्कळ नापास झालेलेच नाहीत, दाराकडं बघून परत फिरले.

मग न्यूयॉर्कमध्येच एक प्रयोग झाला. २०१३ साली तीन कम्युनिटी कॉलेजांत. परीक्षेनं 'कच्ची' ठरवलेली ९०७ पोरं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटली. पहिल्या गटाला नेहमीचं प्राथमिक बीजगणित. दुसऱ्याला तेच, वर आठवड्याला जादा मदतीचा तास. तिसऱ्याला खालचं काहीच नाही, थेट कॉलेजचं संख्याशास्त्र आणि तोच मदतीचा तास. पास झाले पहिल्यात ३९ टक्के, दुसऱ्यात ४५, तिसऱ्यात ५६. वरचं गणित दिलेली पोरं जास्त पास! ज्यांना शिडीच्या तळाला बसवायचं होतं त्यांना वर उभं केलं, शेजारी एक माणूस दिला, आणि ती उभी राहिली.

पण थांबा. संख्याशास्त्र आणि बीजगणित एक नव्हे. संख्याशास्त्र घेऊन समाजशास्त्राची, नर्सिंगची पदवी मिळेल. इंजिनिअर व्हायचं तर कॅल्क्युलस लागतं आणि कॅल्क्युलसला बीजगणित. उद्या आपल्या पोरांना सोप्या रस्त्याला लावतील आणि म्हणतील, बघा, पास झाली. 'आर्ट्सला का जात नाही' हेच, गोड आवाजात. हा संशय मी सोडणार नाही. म्हणून मला या इतिहासातली दोन माणसं जास्त जवळची वाटतात. दोघांनीही सोपं गणित मागितलं नाही.

पहिला उरी ट्राइझमन. गोरा माणूस. ओकलंडला लागूनच बर्कली. तिथल्या विद्यापीठात १९७० च्या दशकात तो कॅल्क्युलसचे तास घ्यायचा. काळी पोरं त्यात धडाधड पडत होती. त्यानं शिक्षकांना कारणं विचारली. मिळाली ती अशी: जिद्द नाही, पाया कच्चा, घरात शिक्षणाचं वातावरण नाही, गरिबी. वाचताना मला वाटलं आमच्या स्टाफरूममध्येच उभा आहे. ट्राइझमननं ती मान्य न करता पोरांच्या मागं जाऊन बघितलं. वीस काळी पोरं, वीस चिनी वंशाची. काळ्या पोरांचे आईबाप शिक्षणासाठी जीव टाकणारे निघाले. कित्येक पोरं आपापल्या शाळेत पहिली आलेली. जिद्दीला तोटा नव्हता. फरक दुसराच होता. काळ्या वीसपैकी अठरा जण कधीच वर्गातल्या कुणाबरोबर अभ्यासाला बसत नव्हते. सरांनी सांगितलं तसं आठवड्याला आठ तास, खोलीचं दार लावून, एकटे. अडलं की वाटायचं, आपल्यातच खोट आहे. चिनी पोरं चौदाएक तास करायची. आधी एकटी, मग रात्री जेवणाभोवती गोळा होऊन एकमेकांची उत्तरं तपासायची. सगळ्यांनाच एखादं गणित सुटलं नाही, तर गणित अवघड आहे हे त्यांना कळायचं. काळ्या पोराला ते कळायला मार्गच नव्हता.

एकटं राहून शिकणं ही त्या पोरांची चूक म्हणवत नाही. वस्तीतून वर यायचं तर वस्तीपासून तोडून घ्यावं लागतं, तसंच ती शाळेत पहिली आली होती. माझ्याही आईनं मला दार लावून बसवलं होतं. शाळेपर्यंत जे हत्यार चाललं, तेच कॉलेजात उलटलं.

१९७८ च्या सुमाराला ट्राइझमननं गट बसवले. रिमेडियल हा शब्द दाराबाहेर. हुशार पोरांसाठी खास वर्ग, असं सांगून बोलावलं. नेहमीच्या तासांच्या वर आणखी तास, आणि गणितं पुस्तकापेक्षा अवघड. पोरांनी गटात डोकी फोडायची, मास्तरनं फिरत राहायचं, उत्तर सांगायचं नाही. नापास होणं झपाट्यानं कमी झालं. पुढं अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी ही रीत उचलली. नुसतं गोल करून बसलं की झालं, असं मात्र नाही. कुठलं गणित टाकायचं याचाच खरा घाम आहे.

दुसरा माणूस बॉब मोझेस. काळा, १९३५ चा जन्म, हार्लेमचा. न्यूयॉर्कमध्ये गणिताचा मास्तर होता. १९६१ साली नोकरी सोडून मिसिसिपीत गेला, काळ्यांची मतदार म्हणून नोंदणी करायला. तिथं नोंदणीआधी परीक्षा असायची. राज्याच्या घटनेतलं एखादं कलम लिहायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर की चूक, ते ठरवणार गोरा कारकून. अडाणी गोरा पास, शिकलेला काळा मास्तर नापास. लोकांना नोंदणीला नेलं म्हणून मोझेसचं डोकं फोडलं, टाके पडले. ते ज्या गावात घडलं त्याचं नाव लिबर्टी. तरीही तो राहिला. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला.

पुढं काही वर्षं त्यानं टांझानियात गणित शिकवलं. परत आल्यावर काही वर्षांनी त्याची पोरगी केंब्रिजच्या शाळेत आठवीला पोचली आणि त्या शाळेत आठवीला बीजगणित नव्हतं. आठवीत बीजगणित नाही म्हणजे पुढं कॅल्क्युलस नाही, म्हणजे इंजिनिअरिंग नाही. मोझेसनं १९८२ पासून वर्गात जाऊन शिकवायला सुरुवात केली. त्यातून अल्जिब्रा प्रोजेक्ट उभं राहिलं. त्याचं म्हणणं एका ओळीचं आहे. १९६१ ला मतपेटीच्या आड लिहितावाचता येण्याची परीक्षा होती, आता नोकरी आणि नागरिकपणाच्या आड बीजगणित आहे, म्हणून हा हक्काचा लढा आहे. २०२१ साली तो गेला. शेवटपर्यंत त्यानं गणित सोपं करा म्हटलं नाही. सगळ्यांना द्या म्हटलं.

उणे संख्या शिकवायला तो पोरांना बोस्टनच्या भुयारी रेल्वेतून फिरवून आणायचा. किती स्टेशनं आणि कुठल्या दिशेनं, एवढं सांगता आलं की अधिक-उणे आलं. हे मी आमच्याकडं करून बघितलं. हातकणंगले स्टेशन शून्य. कोल्हापूरकडं रुकडी अधिक एक. मिरजेकडं निमशिरगाव उणे एक. रुकडीतून निमशिरगावला जायचं तर किती? "दोन, मिरजेकडं," पोरं ओरडतात. उणे एक वजा एक बरोबर उणे दोन. जे मला आठवीत पाठ करायला लावलं होतं, ते त्यांनी गाडीत बसून काढलं.

इकडं कॅलिफोर्नियात, मेरिट कॉलेजच्या राज्यात, २०१७ साली कायदा झाला. नाव नाही, नुसता नंबर: एबी ७०५. कॉलेजांनी प्रवेश परीक्षेवर पोरांना खाली ढकलायचं नाही, शाळेचे गुण बघायचे, आणि एका वर्षात कॉलेजचं गणित पुरं होण्याची जास्तीत जास्त शक्यता जिथं आहे तिथं बसवायचं. अंमल २०१९ पासून. खालचे वर्ग ओस पडले, पहिल्या वर्षात कॉलेजचं गणित पार करणारे वाढले. थेट वर बसवल्यावर नापास होणाऱ्यांची डोकीही वाढली, हेही खरं, आणि ते लपवणारा माणूस माझा नव्हे. पण जी आधी शिडीवर निनावी गळत होती तीच आता यादीत दिसतात, एवढा फरक. २०२२ च्या एबी १७०५ नं आणखी पुढं जाऊन, विज्ञान आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना थेट कॅल्क्युलसला बसवायचं ठरवलं. त्यावर तिथल्या गणिताच्या मास्तरांत जुंपली आहे. तयारीचा एक वर्ग काढला तर कच्चं पोर बुडेल, असं एक बाजू म्हणते. ठेवला तर त्याच वर्गात काळी पोरं अडकवून ठेवाल, असं दुसरी म्हणते. मला दोन्ही भीती खऱ्या वाटतात. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण शेजारी माणूस देणार असाल तर. नुसतं वर फेकणं म्हणजे मला इंटिग्रेशनवर फेकलं तसंच.

आपल्याकडं काय? आपली सगळी ताकद दारावर लागते. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, कॅप राउंड, फ्रीशिप. ती लागलीच पाहिजे, दारावरची लढाई संपलेली नाही. पण पोरगं आत गेलं की आपण मिठाई वाटून घरी येतो. आत एम-वन बसलेलं असतं, त्याच्यामागं एम-टू. केटी, मग वायडी, मग वसतिगृह सुटतं, मग फोन उचलत नाही. किती जागा भरल्या, हे आपण भांडून मागतो. भरलेल्यांतले किती पहिल्या वर्षाच्या गणितातून पार झाले, हे आपल्या किती मोर्चांनी मागितलं? १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोरगं दाराच्या आत टिकायचं कसं, हा विचार त्या वेळापत्रकात होता.

आमच्या वस्तीत बुद्धविहाराच्या ओट्यावर रविवारी संध्याकाळी आम्ही बसतो. सातआठ जण. डिप्लोमाचे तिघे, दोन अकरावीवाले, बाकी येऊन जाऊन. कुणीही एकट्यानं गणित सोडवायचं नाही आणि कुणीही उत्तर आधी सांगायचं नाही, एवढे दोनच नियम. एम-टू दोनदा राहिलेली एक मुलगी येते. पहिले चार रविवार ती बोलली नाही. पाचव्या रविवारी मी फळ्यावर इंटिग्रेशन घालत होतो, तेच, ज्याच्यावर वर्ग हसला होता. ती म्हणाली, "दादा, दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय तुमचं." चुकलंच होतं. मग सगळ्यांनी मिळून ते शेवटपर्यंत नेलं. मला तिसरी पाळी होती, मी साडेदहाला उठलो. पोरं बसूनच होती.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताचे मागचे पेपर कुणाकडे असतील तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. झेरॉक्स चालेल. आणि आपापल्या तालुक्यात पहिल्या वर्षाला किती पोरं बसली, दुसऱ्याला किती उरली, एवढे दोन आकडे सोबत लिहा. कॉलेज देत नसेल तर पोरांना विचारून लिहा.